किल्लीला लागलेलं गंध

देवीविषयी मला कधी शंका आली नाही. माणसांविषयी मात्र ती पटकन येत असे. हे लिहायला नको वाटतं. पण अंबाभवानीने मला जे दाखवलं ते सांगायचं, तर माझा भाग वगळून सांगता येणार नाही.

मी बंगळुरातल्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. सुटे भाग मोजायचे, मापात बसत नसेल तो बाजूला काढायचा, हेच काम वीस वर्षं केलं. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही येलहंक्याला राहायला गेलो होतो आणि माझ्याकडे एक जुनी, दुसऱ्याच्या हातची गाडी होती. तिची देखभाल राजाजीनगरातले सिद्दप्पा मेस्त्री करीत; ते मला कन्नड रीतीने ‘रावरे’, म्हणजे रावसाहेब, म्हणत. आमच्या गल्लीतून दोन गाड्या चोरीला गेल्या तेव्हा त्यांनीच माझ्या सीटखाली एक लपवलेला स्विच बसवून दिला. तो दाबल्याशिवाय इंजिनाला ठिणगी मिळत नसे. लोक त्याला चोर-स्विच म्हणत. तो कुठे आहे हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं.

पुढच्या वर्षी गाडी वाटेत बंद पडू लागली. चालता चालता एखादा खड्डा लागला की इंजिन गप्प. थोडं थांबून, किल्ली दोन-चारदा फिरवून पाहिली की पुन्हा सुरू. सिद्दप्पांनी पॉइंट घासले, प्लग साफ केले, वायरी तपासल्या. त्यांच्याकडे असताना गाडी एकदाही बंद पडली नाही. मी सवयीप्रमाणे वहीत नोंदी ठेवल्या. चौदा वेळा गाडी थांबली, त्यातल्या अकरा वेळा शुक्रवारी किंवा शनिवारी. शुक्रवारी संध्याकाळी मी सिद्दप्पांच्या गॅरेजवर गाडी दाखवून घरी जात असे. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आणि मला उत्तर सापडलं. त्या उत्तरात सगळं नीट बसत होतं, आणि मापात बसलेल्या गोष्टीवर मी पुन्हा विचार करीत नसे.

एका शुक्रवारी मी गॅरेजमध्ये उभा राहून सिद्दप्पांना म्हणालो, “स्विच तुम्हीच बसवलात. गाडी बंद कशी पाडायची हे तुमच्याशिवाय कुणाला कळणार? काम कमी पडतंय का?” तिथे एक टॅक्सीवाला आणि एक शाळामास्तर आपापल्या गाड्या घेऊन आले होते. सिद्दप्पांनी हातातला पाना खाली ठेवला. “रावरे, असं बोलू नका,” एवढंच म्हणाले. मी वही उघडून त्यांच्यासमोर धरली. त्यांनी वहीकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला तेव्हा अपराध्याचं वाटलं.

मी गाडी दुसरीकडे नेली. तिथे कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला. गाडी तशीच. तरीही माझं मन म्हणे, आधी केलेली करामत आत कुठेतरी राहिली असेल.

आमची मुलगी उमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. एका शनिवारी सकाळी तिला कळा सुरू झाल्या. दवाखाना शहरात होता. मी, माझी बायको आणि उमा निघालो. येलहंका मागे पडलं, दोन्ही बाजूंना नीलगिरीची झाडं लागली आणि एका खड्ड्यापाशी गाडी थांबली. मी बॉनेट उघडलं, वायरी हलवून पाहिल्या, पॉइंटमधलं अंतर पट्टीने मोजलं. सगळं मापात होतं. किल्ली फिरवली, काही नाही. उमा मागे कण्हत होती आणि मी दोन कळांमधलं अंतर घड्याळावर मोजत होतो. आधी सात मिनिटं, मग सहा, मग पाच.

“ते घड्याळ ठेवा खिशात आणि कुणाला तरी हात करा!” बायको ओरडली.

दोन लॉरी न थांबता गेल्या. एकही ऑटो नव्हती. मी बॉनेटवर हात टेकले आणि आयुष्यात पहिल्यांदा मोजदाद सोडून देवीला हाक मारली. “आई, दोष कुठे आहे तेवढा दाखव. मला सापडत नाही.”

समोरून एक स्कूटर आली. पांढरा शर्ट, पांढरं धोतर, मागे रेशमी साडी नेसलेली बायको. स्कूटर आम्हाला ओलांडून गेली, मग थांबली आणि वळली. ते सिद्दप्पा होते. येलहंक्याला त्यांच्या भावाच्या मुलीचा साखरपुडा होता, म्हणून ते त्या दिवशी त्या रस्त्यावर होते. एरवी तिकडे त्यांचं काही काम नसे.

मला तोंड लपवावंसं वाटलं. त्यांनी स्कूटर कडेला लावली. आत डोकावून उमाकडे पाहिलं आणि आपल्या बायकोला म्हणाले, “तू मागे बस.” ती बाई उमाचा हात धरून कन्नडमध्ये म्हणाली, “जरा श्वास घे ग, मला चार झाली आहेत, काही होत नाही.”

सिद्दप्पांनी बॉनेटकडे पाहिलंही नाही. माझ्या जागेवर बसून त्यांनी किल्ली फिरवली. समोरचा लाल दिवा लागायला हवा होता, तो लागला नाही. किल्ली जरा दाबून हलवली, दिवा क्षणभर लागला आणि विझला. त्यांनी किल्ली बाहेर काढली, नखाने तिची खाच खरवडली आणि नाकाशी नेली.

“गंध,” ते म्हणाले. “रावरे, देवीला लावा की. किल्लीच्या भोकाला कशाला?”

दर शुक्रवारी पूजा झाली की मी ओलं गंध आणि कुंकू गाडी सुरू करायच्या कुलपाला लावत असे आणि लगेच त्यात किल्ली घालत असे. सहा वर्षं. एक शुक्रवार चुकवला नव्हता, म्हणजे तीनशेच्या वर बोटं. आत थर साचत गेला होता; त्यावर नवं गंध ओलं असलं की किल्ली पुरती फिरत नसे, अर्ध्यावर अडे आणि खड्डा लागला की मागे सरके. वाळलं की ठीक. शुक्रवार, शनिवार. आकडे खरे होते. त्यांच्यासमोर मी नाव तेवढं दुसऱ्याचं लिहिलं होतं.

सिद्दप्पांनी कुलपामागच्या तारा ओढून एकमेकींना पिळल्या. इंजिन सुरू झालं. पांढऱ्या धोतरावर काळे हात पुसून ते म्हणाले, “आता किल्लीने बंद होणार नाही. दवाखान्यापर्यंत थांबू नका. मी मागे आहे.” त्यांची बायको आमच्याच गाडीत राहिली. शहर येईपर्यंत आरशात ती स्कूटर मला दिसत होती. दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या की बाळाचे ठोके मंदावू लागले होते, वेळेवर आलात. तासाभरात नात झाली. सिद्दप्पांना मात्र पुतणीचा साखरपुडा चुकला होता.

पुढच्या आठवड्यात मी गॅरेजमध्ये जाऊन त्यांची हात जोडून क्षमा मागितली. ते कार्ब्युरेटर पुसत होते. म्हणाले, “माझ्याकडे नको, रावरे. खरं काय ते मला आधीपासून माहीत होतं. ज्यांना माहीत नाही, त्यांना सांगा.” तेव्हा मला कळलं की मी आरोप केला त्या दिवसानंतर टॅक्सीवाला आणि मास्तर, दोघांनीही तिथे येणं सोडलं होतं.

मी दोघांकडे गेलो. टॅक्सीवाला सगळं ऐकून पोट धरून हसला. “म्हणजे चोर तुमच्या देवघरातच!” म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन सिद्दप्पांकडे गेला. मास्तरांनी मला कॉफी दिली, शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “सरी, ठीक आहे, बघू.” ते गेले नाहीत. मी पुन्हा गेलो, पुन्हा सांगितलं. तरी नाही.

अनेक रात्री याची टोचणी लागली. बोललेला शब्द मोजून परत घेता येत नाही, आणि कोणाच्या मनात तो किती खोल गेला हे कोणत्याही पट्टीने कळत नाही. मी आईला दोष दाखव म्हटलं होतं. तिने दाखवला, आणि ज्याचा मी अपमान केला त्याच्याच हाताने माझी लेक आणि नात वाचवली. एवढी कृपा पचवायला मला अजून जमलेलं नाही. आता तिच्यापुढे बसतो तेव्हा काही मागत नाही. वर्षातून दोन-तीनदा मास्तरांच्या दारात जातो, कॉफी पितो आणि माझी चूक पहिल्यापासून सांगतो. ते ऐकतात. सांगणं माझ्याकडे आहे. त्यांचं मन वळवणं तिच्याकडे.