बिल्ल्याची पाठ

त्यांना सगळे पालथेकाका म्हणत. हातात आलेली वस्तू आधी पालथी करायची ही त्यांची खोड. त्यांच्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा मुलीच्या घरी चहा पिऊन झाल्यावर यांनी बशी उलटी करून निरखली आणि बोलणी तिथेच फिसकटली, असं लोक हसून सांगत. खरंखोटं देव जाणे, पण गडी बिनलग्नाचा राहिला एवढं खरं.

रस्त्याच्या वळणावर त्यांचं डाखकामाचं दुकान होतं. गळकी किटली, तुटलेला दिव्याचा दांडा, निखळलेलं बक्कल, सगळ्याला डाख देऊन सांधायचं. पण लांबलांबून माणसं यायची ती वेगळ्याच कामासाठी. सैन्यातले जुने बिल्ले जमवणारे हौशी लोक रुमालात गुंडाळून आपला माल आणायचे आणि काकांच्या पुढ्यात ठेवून श्वास रोखून उभे राहायचे. काका बिल्ला उचलायचे तो थेट पालथाच.

"तोंड काय, कुणीही रंगवून आणतं," ते म्हणत. "पाठ बोलते."

ठशाखाली दाबून काढलेल्या बिल्ल्याच्या पाठीवर पुढच्या नक्षीचा खळगा उमटतो. ओतीव नकलेची पाठ सपाट, बारीक बारीक छिद्रांची. टोपीत अडकवायला मागे दोन कान असतात, त्यांचा सांधा पाहायचा. मग झीज. रोज हाताने पुसलेला बिल्ला उंचवट्यावर झिजतो. तेजाबात बुडवून म्हातारा केलेला बिल्ला खाचाखोचांतही सारखाच झिजलेला दिसतो. एवढं बघून काका एकच शब्द बोलत, 'खरा' किंवा 'खोटा'. एकदा एका गृहस्थांचा बिल्ला खोटा निघाला, तर ते काकुळतीला येऊन म्हणाले, "पण विकणारा फार सज्जन होता हो!"

"मग त्यालाच काचेत ठेवा," काका म्हणाले.

असा हा माणूस. आणि याच्याच घरी, भिंतीवर, एक बिल्ला होता जो त्याने जन्मात पालथा केला नव्हता.

तो थोरल्या भावाचा. भाऊ लढाईवर गेला आणि सैन्याकडून 'बेपत्ता' एवढाच निरोप आला. पुढे त्याच्या तुकडीतला एक सोबती घरी आला. काका तेव्हा दुकानात होते. सोबत्याने आईच्या हातात बिल्ला ठेवला, म्हणाला, "तो माझ्या मांडीवर गेला. त्याच्या टोपीवरून मीच काढून घेतला." पाणी प्याला आणि कुणाच्या डोळ्याला डोळा न देता निघून गेला. काका घरी पोचेपर्यंत आईने बिल्ला काचेच्या चौकटीत बसवूनसुद्धा आणला होता.

वहिनींनी मात्र ते मानलं नाही. "बिल्ले सगळे सारखेच दिसतात," त्या म्हणाल्या. "आईंना धीर यावा म्हणून त्याने स्वतःचा दिला नसेल कशावरून?" त्यांनी घर सोडलं नाही. पुढे आई गेली, वहिनींची मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, तरी त्या तिथेच राहिल्या. चौकट उघडून, बिल्ल्याला हात न लावता, आहे तसाच वरून फडक्याने पुसायच्या. पुसून पुसून त्याची नक्षी पार गुळगुळीत झाली.

काकांना एक गोष्ट ठाऊक होती. शेवटच्या सुटीत भावाच्या बिल्ल्याचा एक कान तुटला होता आणि तो यांनीच डाखून दिला होता. तेव्हा हात कच्चा होता. वाटाण्याएवढा ओबडधोबड गोळा झाला, आणि भावाने "हे काय, बिल्ल्याला आवाळू आणलंस?" म्हणून पोट धरून हसून घेतलं होतं. चौकटीतला बिल्ला एकदा उलटला की झालं. म्हणूनच काका तो उलटत नव्हते. जगाच्या वस्तूंची पाठ बघणारा माणूस या एका बिल्ल्यापुढे भित्रा होता, दुसरा शब्द नाही.

एका दुपारी वहिनी चौकट घेऊन दुकानात आल्या. गिऱ्हाईक बसतं त्या स्टुलावर बसल्या.

"भावजी, लेक बोलावतेय. गुडघे चालत नाहीत, घरचं आता एकटीने होत नाही. खोली तयार ठेवलीय म्हणते."

"मग जा ना."

"कशी जाऊ? तुम्ही दिवसभर दुकानात. ते आले आणि दाराला कुलूप दिसलं तर?" त्यांनी चौकट पुढे सरकवली. "तुम्ही तो कान डाखलात तेव्हा दिवा धरून मीच उभी होते. मलाही आजवर बघवलं नाही. तुम्ही बघा. तुम्ही सांगाल ते मी मानीन."

काकांनी काच काढली. खोटा म्हटलं तर वहिनी इथेच राहतील, वाट बघत. संध्याकाळी कुणीतरी "आज उशीर झाला" म्हणणारं घरात राहील. एक शब्द, आणि त्यांचा शब्द आजवर कुणी तपासून पाहिला नव्हता. हा लोभ त्यांना झाला, आणि झाल्याची लाजही वाटली. त्याहून मोठी आशा दुसरीच होती: बिल्ला खरोखरच परका निघावा. दुकानात येणारा प्रत्येक जण 'खरा' हा शब्द ऐकायला यायचा. आज पहिल्यांदाच दोन माणसं 'खोटा' ऐकायला टेकली होती.

त्यांनी बिल्ला पालथा केला.

डाव्या कानाशी वाटाण्याएवढा गोळा होता. एका बाजूला डाख ओघळलेला, ओबडधोबड, त्यांच्या कच्च्या हाताचा. भिंगाची गरजच पडली नाही. काकांना भावाचं ते हसणं ऐकू आलं.

"वहिनी," ते म्हणाले, "खरा आहे."

वहिनी डोळ्याला पदर लावून रडल्या. त्या घरात आल्यापासून काकांनी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. काकाही रडले. दारात एक गिऱ्हाईक आलं, आत पाहिलं आणि चपला न वाजवता परत गेलं.

"तो पोरगा खरं बोलत होता," वहिनी म्हणाल्या. "मांडीवर गेले म्हणाला. म्हणजे एकटे नव्हते."

"नव्हता."

काकांनी काच पुसली आणि सवयीने बिल्ला उताणा करून चौकटीत ठेवायला गेले. वहिनींनी त्यांचा हात धरला.

"तसाच बसवा, पालथा. मी घेऊन जाते लेकीकडे. ती बाजू मी पुसून घालवली. ही तुम्हां दोघा भावांची आहे."

काकांनी बिल्ला पालथाच बसवला. मग दुकान बंद करून ते वहिनींचं सामान बांधायला घरी गेले.