भिकूचं हसू

हैबतराव ढमाले आमच्या मुळशीचा. पुण्याला जाऊन तो सिनेमाचा दिग्दर्शक झाला. १९५८ साली अंत्ययात्रेचं दृश्य घ्यायला तो धरणाकाठी आला, तेव्हा मी त्याचा मदतनीस होतो.

तिरडीवर निजायला नट तयार होईना. गावातला मासे धरणारा भिकू मात्र आनंदाने निजला. हैबतरावाने त्याच्याच बायकोला, सोनीला, स्वतःचं कुंकू पुसायला लावलं. तेवढ्यात भिकूला हसू फुटलं.

"मढं दात काढतंय बघा," कुणीतरी म्हणालं. दृश्य पुन्हा घ्यावं लागलं.

दोन महिन्यांनी भिकू धरणात बुडाला. हैबतरावाने अंत्ययात्रेच्या दृश्याची सगळी रिळं जाळली. पुढच्या चार चित्रपटांत त्याने कुणालाही मरू दिलं नाही.

सहा वर्षांनी सोनी पुण्याला आली. "दादा, ह्यांचा एक बी फोटू न्हाई. आता तोंड बी नीट आठवत न्हाई. तुमच्याकडचं एकदा दावा."

हैबतरावाने खाली बघत खरं ते सांगितलं.

"हसले हुते, त्ये बी जाळलं?" तिने विचारलं.

त्यानंतर हैबतरावाने एकही चित्रपट केला नाही. मीही हे आजवर कुणाला बोललो नाही. रिळं जाळताना काड्यापेटी मीच दिली होती.