बारवेतला अर्धा पाठ

वसमतच्या शाळेत मी रुजू झालो, त्या दिवशी माझी ट्रंक विज्ञानाचे शिक्षक गोविंदराव मास्तर यांनी स्वतः उचलली. "खोली मिळंपर्यंत आमच्याकडं ऱ्हावा," म्हणाले. मी आठ महिने राहिलो.

टपालाने येणारी विज्ञानाची मासिके ते जेवतानाही वाचत. अणूच्या गर्भात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन समसमान असले तर ऊर्जा कमी लागते. न्यूट्रॉनच वाढत गेले तर ती चढते. आमची पुस्तके उर्दूत, आणि त्यांत हे नव्हतेच. मास्तरांना ते मुलांना डोळ्यांनी दाखवायचे होते.

एका सकाळी शाळेमागच्या बारवेत त्यांनी आठ मुले उतरवली. काळी टोपी प्रोटॉन, पांढरी न्यूट्रॉन; पायरी जितकी वर, तितकी ऊर्जा जास्त. एका पायरीवर दोन काळ्या, दोन पांढऱ्या, अधिक नाही. चार-चार असताना खालच्या दोन पायऱ्या पुरल्या. मग मास्तरांनी दोघांच्या काळ्या टोप्या काढून पांढऱ्या घातल्या आणि त्यांना तिसऱ्या पायरीवर धाडले.

"मास्तर, खाली जागा हाय की!"

"ती काळ्यांची. तुला वरच चढावं लागंल. फरक वाढला की खर्च वाढतो. घाला अजून पांढऱ्या!"

पांढरी टोपी म्हणजे गांधी टोपी, ती त्या काळी निजाम सरकारला खुपत असे. तक्रार गेली. चौकशीला आलेल्या साहेबांनी मला विचारले, "सफेद टोपी बढ़ाने कू बोले क्या? हौ या नहीं?"

मी "हौ" म्हणालो आणि जबानीवर सही केली. ते खोटे नव्हते. पुढचे वाक्य मात्र मी जोडले नाही. जे आपल्याला पुरते कळलेले नाही त्याची ग्वाही कशी द्यावी, असे त्या दिवशी रोजनिशीत लिहिले आहे. आज वाचताना ती नुसती भीती दिसते. मास्तरांची नोकरी गेली.

शाळेतून जाताना त्यांनी त्या पाठाच्या गणिताची वही माझ्या हाती दिली. "पोरांचा पाठ अर्धा ऱ्हायला. तुमी पुरा करा." मी केला नाही.

आता राज्य बदलले. मास्तरांनी भर निजामीत मुलांना पांढऱ्या टोप्या घालून बंड केले, असे मी लिहावे, ही त्यांच्या साठीनिमित्त नेमलेल्या गौरव समितीची इच्छा. मास्तरांच्या कानावर घातले, तर म्हणाले, "तवाबी चूक, आताबी चूक. अहो, मी न्यूट्रॉन शिकवून राहिलो होतो!"

तेव्हाचे राहिलेले वाक्य आज सहीनिशी जोडतो : त्या टोप्या न्यूट्रॉनच्या होत्या.

साठी ओलांडणाऱ्या मास्तरांना शंभरी लाभो, गुडघे साथ देवोत. वही माझ्यापाशी आहे, पण तो पाठ मला अजून येत नाही. आणि बारवेत उतरून तो पुरा करील असे त्यांच्यावाचून वसमतेत कोणी नाही.