समाजकार्याची शिष्यवृत्ती आणि आमचे राव सार

सरकारी ऑफिसात फायली ठरावीक वर्षांनी नष्ट करायचा नियम आहे. किश्श्यांना तो लागू नाही. शिष्यवृत्ती विभागातून मी क्लार्क म्हणून रिटायर झालो तेव्हा माझे कागद एका पिशवीत मावले. किस्से मात्र नारायणगुड्यातल्या आमच्या चहाच्या टेबलावर अजून मावत नाहीत. मित्र म्हणतात, "शिंदेसाब, कुछ तो सुनाओ." मी सांगतो, ते हसतात. मला आजही संताप येतो.

योजना साधी होती. समाजकार्य शिकणाऱ्या गरीब मुलामुलींची फी सरकारने भरायची, म्हणजे ही मुलं पुढे गरिबांसाठी काम करतील. कल्पना इतकी चांगली होती, की ती आमच्या हाती पडायलाच नको होती!

*

पहिला नियम: कॉलेजात पंचाहत्तर टक्के हजेरी हवी, तीही मशीनवर बोट टेकवून. दुसरा नियम: आठवड्यातल्या सहापैकी दोन दिवस वस्तीत जाऊन फील्डवर्क करायला हवं. म्हणजे वस्तीत गेलेला हजेरीत नापास, आणि हजेरी भरलेला फील्डवर्कमध्ये!

एका मुलाने दोन्ही शंभर टक्के दाखवलं. आमचे सुपरिंटेंडेंट राव सार खूश. "बघा शिंदे, करणारे करतात!"

अर्ज त्याच दिवशी मंजूर. तो एकाच वेळी दोन्हीकडे कसा होता, हे विचारायला पोर्टलवर रकाना नव्हता.

*

फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: 'समाजकार्य का करायचे आहे?' उत्तराला जागा जेमतेम एका ओळीची. तिच्यापुढची अक्षरं पोर्टल परस्पर कापून टाकायचं.

गौलीगुड्याच्या सुजाताचा अर्ज असाच आला. आपल्याच मराठी घरातली मुलगी, वडील नाहीत, आई शाळेत खिचडी शिजवणारी. तिचं उत्तर आमच्यापर्यंत पोचलं ते असं: 'माझ्या आईला दवाखान्यात तीन दिवस कोणीही'. बस, इथे ओळ संपली.

त्यावर शेरा गेला: 'वाक्य अपूर्ण. खुलासा करावा.'

तो शेरा माझ्याच अक्षरातला. तेव्हा मला तो फार नेमका वाटला होता.

ती प्रिंट घेऊन माझ्या टेबलाशी आली. "काका, पुढचं कुठे लिहू?"

मी तिला राव सारांच्या टेबलाकडे पाठवलं. ते प्रत्येक मुलीला अम्माच म्हणायचे. "अम्मा, कारण छोटं असू द्या."

तिने लिहिलं, 'आवड आहे.' आक्षेप मिटला!

*

मग उत्पन्नाचा दाखला. तो एक वर्ष चालतो. अर्ज आमच्याकडेच वर्षभर पडून राहिला. उघडला तेव्हा दाखल्याची मुदत संपलेली.

"अम्मा, नवा आणा. मधल्या काळात उत्पन्न वाढलं असेल तर?"

"कशाने वाढेल सार? आठवड्याला एक दिवस आईचा पगार बुडवून, सहीसाठी तिला घेऊन इथे येते मी."

राव सारांनी मान डोलावली. "मग कमी झालं असेल. तरी नवाच लागेल."

*

दुसऱ्या वर्षी कॉलेजने सुजाताला फील्डवर्कसाठी एक संस्था नेमून दिली. कोणती? आमचंच ऑफिस! दाराशी मदत-टेबल मांडून तिने येणाऱ्या मुलांचे अर्ज भरून द्यायचे.

पोरीने कमाल केली. कुठला रकाना कुठे अडतो, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तिने भरलेला एकही अर्ज परत येईना. आमचा अटेंडर, म्हणजे शिपाई, याकूबभाई म्हणायचा, "बेटा, तेरे कू देखे तो पोर्टल भी सीधा हो जाता!"

सगळ्यांचे मंजूर झाले. तिचा मात्र परत आला: 'फील्डवर्कची संस्था मान्यताप्राप्त यादीत नाही.'

यादी आमचीच. तिच्यात शहरातल्या सगळ्या संस्था होत्या, फक्त आमचं ऑफिस नव्हतं. स्वतःला मान्यता द्यायचं कोणाला सुचणार?

नामंजुरीच्या पत्रावर सही राव सारांची. खाली कोपऱ्यात माझीही. लहानशी.

*

कॉलेजने बजावलं: शुक्रवारपर्यंत मंजुरीपत्र नाही तर हॉलतिकीट नाही. परीक्षा हुकली की वर्ष गेलं, आणि खिचडी शिजवणाऱ्या आईला आणखी एक वर्ष झेपणारं नव्हतं. उपाय एकच. तपासणी अधिकाऱ्याने संस्थेला भेट देऊन तिच्या प्रमुखाचा जबाब घ्यायचा, मग मान्यता. आमच्या भागाचे तपासणी अधिकारी होते राव सार. संस्थाप्रमुखही राव सारच.

मी म्हटलं, "सार, इथेच बसून लिहून टाका. ऑफिस आहे, चालू आहे."

"बसून? शिंदे, भेट म्हणजे भेट!"

शुक्रवारी दुपारी त्यांनी बॅग उचलली आणि जिना उतरून गेले. पाच मिनिटांनी जिना चढून आले. अभ्यागतांच्या रजिस्टरमध्ये नाव लिहिलं. कामाचं स्वरूप: तपासणी. मग आपल्याच टेबलासमोरच्या पाहुण्यांच्या खुर्चीत बसले आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले.

सुजाताने पाणी नेऊन दिलं. "सार, आज शेवटचा दिवस आहे."

"हो अम्मा, म्हणून तर स्वतः आलोय."

याकूबभाई कप घेऊन दारात अडला. "शिंदेसाब, ये चाय आए सो साब कू देना, के गए सो साब कू?"

राव सारांनी घड्याळ पाहिलं. पंधरा मिनिटं वाट पाहिली. मग कागद ओढला, अहवाल लिहिला, सही केली आणि पोर्टलवर चढवायला सुजाताच्याच हातात दिला.

'संस्थेस प्रत्यक्ष भेट दिली. कार्यालय सुरू आढळले. कर्मचारी नम्र आहेत. प्रमुख जागेवर नव्हते. सबब मान्यतेची शिफारस करता येत नाही.'