दामूनानांचा वरणभात

रविवारी मासळी बाजारात मी एका माणसाला वरणभात खाताना पाहिलं. भोवती सुरमई, बांगडे, कोळंबी, आणि मध्ये दामूनाना, स्वतः होडीवाले, डबा उघडून मान खाली घालून जेवत होते. शेजारी त्यांची बायको चंद्राबाई मासे विकत होती. मी वर्षानुवर्षं तिच्याकडूनच मासे घेतो.

"नानांचा उपास आहे का?" मी विचारलं.

"शिक्षा आहे," ती बांगडा कापता कापता म्हणाली. "बिस्किटाएवढी पापलेटं भरून आणली यांनी. अंडी घालायच्या आधीच ती खाल्ली, तर पुढच्या साली मी टोपलीत काय ठेवू? मोठ्या भोकांचं जाळं येईपर्यंत घरात मासा शिजणार नाही."

"एवढा मोठा दर्या," नाना पुटपुटले, "थोडी बारकी उचलली तर त्याला काय कळतंय?"

किनाऱ्यावर उभं राहिलं की मलाही समुद्र न संपणारा वाटतो, आणि स्वस्त मिळतात म्हणून तसली पापलेटं मीही पिशवीभर नेली आहेत. वरून समुद्र नेहमी भरलेलाच दिसतो. खाली किती उरलंय, ते चंद्राबाईला रोज टोपलीत दिसतं.

ती बर्फ आणायला गेली, तसं मी विचारलं, "मग जाळ्याचं काय?"

"आज संध्याकाळीच आणतोय."

"म्हणजे पटलं तुम्हाला."

"पटायचं राहू द्या," नाना म्हणाले. "उद्या डब्यात पडवळ आहे."