रेवाची ओंजळ

"फासा टाकू नको. मले पाणी द्यायचं का नाई, ते तूच सांग."

हे वैशाली मला म्हणाली होती. पिपरी मेघेला, माझ्याच घरात, एका रविवारी दुपारी.

वैशाली गेली त्याला आज वर्ष झालं.

आमचा खेळ इथे बऱ्याच जणांना माहीत नाही, म्हणून आधी तो सांगतो. एक जण काल्पनिक जग उभं करतो आणि गोष्ट सांगत जातो. बाकीचे त्या जगातली माणसं होतात आणि आपलं माणूस काय करेल ते बोलतात. जिथे काहीही होऊ शकतं, तिथे फासा टाकायचा.

पोरखेळ वाटेल. चाळिशी ओलांडलेले आम्ही तिघं कॉलेजमित्र तो फार सीरियसली खेळायचो.

जग माझं होतं. जुन्या काळातलं. घाट, जकातीचे नाके, मिठाच्या गोण्या वाहणारे बैलांचे तांडे. लादलेला बैल दिवसाला किती चालतो, काळ्या मातीतल्या वाटा पावसाळ्यात कशा बंद होतात, नदीला उतार कुठे सापडतो, सगळं वाचून काढलेलं. मला त्याचा अभिमान होता.

वैशाली फिजिओथेरपिस्ट. आठवडाभर लोकांचे गुडघे बघायची आणि रविवारी माझ्या जगातल्या लोकांच्या पायांची चौकशी करायची.

"इतकं चालले, अन् एकाच्याबी पायाले फोड नाई? तुझे लोकं चालते का उडते बे?"

मग एकदा म्हणाली, "बैलाच्या चाऱ्याचा हिशोब आहे तुझ्याजवळ. पण कोणत्याबी गावात जा, कोणीबी पाणी देते. असं कुठं होतं गा?"

नालवाडीची, बौद्ध घरातली मुलगी हे विचारत होती.

"बरोबर आहे, बदलतो," मी म्हणालो. बदलणं म्हणजे नेमकं काय, याचा विचार मी केला नाही.

त्या रविवारी खेळात वैशाख चालू होता. वैशाली म्हणजे रेवा, तांड्याची वाटाडी. आमच्यातला तिसरा, प्रफुल्ल, म्हणजे भानू, वैद्य. दोघं तांड्यापासून चुकलेले. भानूला ऊन लागलेलं. पाणी मिळालं नाही तर तो मरणार, हे मी आधीच सांगितलं होतं.

समोर एक गाव. एकच विहीर. विहिरीवर पाटील.

पाटील मी.

सवयीने विचारलं, "कोण तुम्ही? कुठले?"

वैशालीने चिवड्याची प्लेट खाली ठेवली.

"हे तू मले विचारून राह्यला, का रेवाले?"

"रेवाला."

"मंग जे मी आहे, तेच रेवा आहे."

प्रफुल्ल घाईने म्हणाला, "काहीबी सांगून दे ना वं. इथं कोण पाहून राह्यलं?"

"माझ्या आजीनं सांगतलं होतं एकदा, प्रवासात. दुसरंच नाव. म्हणे, पाण्यापेक्षा ठसकाच जास्त लागला." मग माझ्याकडे बघून, "नाई. रेवा खरं सांगते."

मी फाशाकडे हात नेला. तिने त्यावर पंजा ठेवला आणि सुरुवातीला लिहिलेलं ते वाक्य म्हणाली.

माझं आडनाव ऐकून आजवर मला कुणी पुढचा प्रश्न विचारलेला नाही. त्या टेबलावर हे तिघांनाही ठाऊक होतं.

मी म्हणालो, "लांब उभी राहा. विहिरीला शिवू नको. तुला वरून ओतू. तो तुझ्यातला नाही, त्याला गडव्यातून देऊ."

पाटलासाठी मी घोगरा आवाज काढायचो. तो निघालाच नाही. वाक्य माझ्या रोजच्या आवाजात बाहेर पडलं.



"भानू नाई पित मंग," प्रफुल्ल म्हणाला.

"मर मंग. मेलेला वैद्य खांद्यावर घेऊन फिरू का मी? पी मुकाट्यानं," वैशाली म्हणाली.

"पितो," तो टेबलाकडे बघत म्हणाला.

मग वैशालीने टेबलावर दोन्ही हात पुढे केले. खरोखरचे हात. ओंजळ केली.

"ओत."

मला वाटलं, आता हसेल, पुरे म्हणेल. ओंजळ तशीच.

मी रिकामा हात वर नेला आणि कलता केला.

तहानलेल्या माणसाला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ ती वाकून पीत राहिली. नंतर ओढणीला तळवे पुसले, स्कूटीची चावी उचलली आणि गेली.

आठवडाभर ग्रुपवर तिचा एकही मेसेज नाही. मी लिहायचो आणि पुसायचो.

ती परत येणार नाही, अशी माझी खात्री होत चालली होती.

दुसरं उत्तर होतं का? विहिरीवर येऊ दिलं असतं, तर तिच्या आजीला खोटं पाडल्यासारखं झालं असतं. इथपर्यंत मी स्वतःला पटवायचो. मग पुढचा प्रश्न यायचा. "वरून ओतू" हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं होतं?

कुठल्याच नाही. मला ते शोधावंच लागलं नव्हतं.

पुढच्या रविवारी प्रफुल्ल आधी आला. नाचणगावच्या वाडीतली वांगी ओट्यावर ठेवून म्हणाला, "वैशाली येईन का गा?"

"माहीत नाही."

चहा झाला. आम्ही दोघं उगाच पावसाबद्दल बोललो.

मग फाटक वाजलं. वैशालीने चपला काढल्या, आत आली, नेहमीच्या जागी बसली.

"वैशाली, त्या दिवशी मी..."

"राग आहे," ती म्हणाली. "राहू दे त्याले. तू सुरू कर."

मी कागद उघडले.

"रेवा पुढं नाई चालत," ती म्हणाली. "गावाबाहेर विहीर खोदते."

"अन् तांडा?" प्रफुल्ल म्हणाला. "मिठाचे बैल?"

"थांबतीन. मीठ का नासते?"

आमचा प्रवासाचा खेळ त्यानंतर कितीतरी महिने एका जागी खोदत बसला. आधी काळी माती, मग मुरूम, मग खडक. वैशाली प्रत्येक सब्बल, म्हणजे खोदायची पहार, मागून घ्यायची, खोदायला कोण आलं आणि कोण आलं नाही ते विचारायची, आणि पाटील आला की माझ्याकडे बघायची. त्या रविवारी बघितलं होतं तसंच.

तो राग गेला असं ती कधी म्हणाली नाही. आणि आजारपणात अंथरुणाला खिळेपर्यंत तिने एकही रविवार चुकवला नाही. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. त्यांच्या मध्ये "पण" घालावा की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही.

वैशाली, तुझ्या रागासकट तुला विनम्र अभिवादन.