कांडोळाच्या झाडांची यादी

बाबांची मिल बंद पडली तेव्हा मी अकरावीत होते. बरेच महिने त्यांनी वाट बघितली, मग साकीनाक्याला लाकडी खोकी ठोकायला जायला लागले. यंत्रं भरून पाठवायची मोठी खोकी. येताना फळ्यांचे तुकडे पिशवीतून आणायचे आणि कांदिवलीच्या आमच्या खोलीत चूल त्यावर पेटायची. आई तीन घरी भांडी घासायची. त्या धुरात अभ्यास करून मी वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्याचा मला माज होता, सरळ सांगते.

शेजारच्या खोलीत माझ्याच वयाची मुलगी राहायची. दहावी नापास. लहानपणापासून आईबरोबर बोरिवलीच्या डोंगरात सरपणाला जायची. पक्षी-झाडं बघणाऱ्या एका मंडळात मीच तिला नेलं, सोबत हवी म्हणून. महिन्याभरात मंडळाचे सर, एक निवृत्त शिक्षक, काही दिसलं की आधी तिला विचारायला लागले. मी शास्त्रीय नावं सांगायचे. लोक "हो का" म्हणायचे आणि तिच्याकडे वळायचे. मला ते खुपायचं.

त्या वर्षी जंगलाला लागून असलेली एक खाजगी झाडी मालकाने खोक्यांच्या एका कारखान्याला तोडायला दिली. सरांनी मालकाला गाठून कबूल करून घेतलं, की फक्त मेलेली झाडं तोडायची आणि त्यांची यादी मंडळाने द्यायची. यादी सरांनी माझ्यावर सोपवली. मी तिला मुद्दाम कळवलं नाही.

फाल्गुन संपत आला होता. दोन दिवसांत मी अकरा झाडांवर लाल रंगाने आकडे टाकले. पांढरीफटक झाडं, अंगावर पान नाही. यादीवर सही केली, पुढे बी.एस्सी. लिहिलं. ते कांडोळ होते, उन्हाळ्यात पानं गाळून पांढऱ्या खोडाने उभे राहणारे, पण कॉलेजात मी कांडोळ पाहिला होता तो कागदावर चिकटवलेला, पानांसकट. आणि मंडळाच्या फेऱ्यांत माझं लक्ष तिच्यावर असायचं, झाडांवर नाही.

पुढच्या रविवारी सरपणाला गेलेली ती परत आली ती थेट माझ्या दारात. "काय गो, ते लाल आकडे तुझे?"

"माझेच. का?"

"चल."

पहिल्याच झाडाची साल तिने कोयत्याने जरा खरवडली. आत हिरवं, ओलं.

"पानं नाहीत म्हणून मेलं? मग तुझ्या बाबांना टक्कल आहे, त्यांना पण जाळतेस काय?"

सातव्या झाडाखाली उंबराच्या बियांचा थर पडला होता. वर खोडाला ढोली, तिचं तोंड लिंपून नुसती फट ठेवलेली. थोड्या वेळाने धनेशाचा नर आला आणि फटीत फळं देऊ लागला. आतून चोच बाहेर आली. मादी स्वतःला कोंडून अंड्यांवर बसली होती. झाड पडलं असतं तर तीही गेली असती. पण तेव्हा मनात पहिलं काय आलं? हे हिने आधी पाहिलं.

"सरांना सांगणार?" मी विचारलं.

"मी कशाला? यादी तुझी. तूच सांग."

तिने चहाडी केली असती तर बरं झालं असतं, निदान तिचा राग तरी धरता आला असता. करवतवाले बुधवारी येणार होते. सोमवार मी तसाच घालवला. मंगळवारी सकाळी मालकाच्या मुनीमासमोर उभी राहिले.

"बाई, सही तुमचीच ना? मग आता काय झालं?"

"सही माझी, चूक पण माझी. झाडं जिवंत आहेत."

"पदवी आहे ना तुमच्याकडे?"

मी म्हटलं, "साल खरवडून बघा. मी इथेच थांबते." त्याने माळ्याला पाठवलं. माळी हसत परतला, सगळी आतून हिरवी म्हणाला. मुनीमाने लेखी मागितलं. मी अकराही झाडं यादीतून काढत असल्याचं लिहून दिलं, सातव्यापुढे घरट्याचं लिहिलं. कोणी पाहिलं, तिथे तिचं नाव टाकलं. माझ्या नावाच्या खाली, जरा बारीक अक्षरात. तेवढंच जमलं.

पुढे सरांनी मालकाकडून लेखी घेतलं, की यादी पावसाळा सरल्यावर, झाडांवर पानं असताना करायची आणि ढोलीच्या झाडाला हात लावायचा नाही. अकराही कांडोळ तुटले नाहीत. त्या उन्हाळ्यात सातव्या झाडातून धनेशाची दोन पिल्लं उडाली.